तेवढं पुन्हा बघा, ताई

आमच्या घरात लिंबू फक्त पोह्यांवर पिळलं जातं, दाराला टांगलं जात नाही. मी आयुष्यभर लॅब टेक्निशियन म्हणून काम केलं. माणसातून रक्त, थुंकी आणि लघवी सोडून आणखी काही बाहेर पडतं आणि फिरतं, यावर माझा कधी विश्वास बसला नाही. या पानावरचे अनुभव मी नेमाने वाचते, पण करमणूक म्हणून... आणि दर वेळी मनात म्हणते, बाईची झोप झाली नसेल, नाहीतर ॲसिडिटी. आता मीच लिहायला बसले म्हटल्यावर आमचे हे पेपरआड तोंड लपवून हसून राहिलेत. हसू देत. त्या दिवशी ते तिथे नव्हते.

माझं माहेर देगलूरचं. लॅबचा डिप्लोमा, डीएमएलटी, नांदेडला केला आणि पहिली नोकरी लागली लातूरला, एका लहान खाजगी लॅबमध्ये. दोन खोल्या, मध्ये लाकडी पार्टिशन, बाहेर बाकडं, आणि रिपोर्ट द्यायला एक खिडकी. भूकंप झाला तेव्हा मला तिथे लागून जेमतेम सहा महिने झाले होते. वय तेवीस. अंगात मस्ती भरपूर, आपल्याला सगळं येतं अशी.

पुढचं कळायला एक गोष्ट आधी सांगायला हवी. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे बघायची एक टेस्ट असते, एपीटीटी. तेव्हा ती हातानेच करायची. रक्तातला वरचा पिवळसर भाग छोट्या काचेच्या नळीत घ्यायचा, त्यात औषध घालायचं, नळी कोमट पाण्यात धरायची आणि हळूहळू तिरपी करत राहायची. आतलं पातळ पाणी एकदम थबकतं. थबकलं की स्टॉपवॉच बंद. निरोगी माणसाचं तीस-पस्तीस सेकंदांत थबकतं. पण औषध बरोबर आहे की नाही, पाणी पुरेसं कोमट आहे की नाही, हे कळायला रोज एका निरोगी माणसाचं रक्त लावून बघावं लागतं. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. आता कंट्रोल कंपनीच्या डबीतून येतं. तेव्हा आमच्याकडे रीत अशी होती की टेक्निशियनने सकाळी स्वतःचंच रक्त काढायचं. उजव्या हाताने डाव्या हातातून, दात आणि पट्टा वापरून. माझ्या डाव्या कोपरात त्या दिवसांची बारीक गाठ अजून आहे.

भूकंपानंतरच्या आठवड्यात लातूरमध्ये काय चाललं होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगून कळायचं नाही. आम्ही लॅबवाले बाकड्यावर बसूनच भाकरी खायचो आणि पुन्हा कामाला लागायचो. त्या गर्दीत शेवंता आली.

अठ्ठावीस वर्षांची. निलंग्याच्या पलीकडच्या एका गावची, पडलेल्या घरातून वाचलेली. जवळच्या दवाखान्यात भरती होती. डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला. बाहेरगावाहून मदतीला आलेल्या एका डॉक्टरांना शंका होती की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ आहे, म्हणून रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करायचं होतं. त्याआधी ही टेस्ट. तिची तीन मुलं पोटातच गेली होती, त्यामुळे व्हीडीआरएल पण लिहिलेली. ही गुप्तरोगाची टेस्ट, गर्भ राहून राहून जात असेल तर करायचीच असा तेव्हाचा शिरस्ता. सोबत तिचा दीर होता. नवरा गावात, पडलेल्या घरातून काय निघतंय ते बघत थांबलेला.

आम्हा लॅबवाल्यांना चेहरे लक्षात राहत नाहीत, हात राहतात. शेवंताच्या डाव्या हातावर कोपराखाली तुळस गोंदलेली होती, पण अर्धीच. एका बाजूची पानं होती, दुसऱ्या बाजूला नुसता देठ. मी विचारलं तर म्हणाली, गोंदताना रडून गोंधळ घातला म्हणून आईने गोंदणारणीला मधेच थांबवलं. हातभर जांभळट रेषांची जाळी होती, थंडीत पडते तशी. मी सुई लावताना तिने माझ्या कोपरावरचा कापूस पाहिला आणि विचारलं, तुमचं कशाला काढलंय? मी म्हटलं, तुमचं रक्त माझ्या रक्ताशी ताडून बघायला.

तर ती म्हणाली, "मग दोन्ही एका जागी करून बघा की. आमच्यात दही लागलं न्हाई तर आमी त्यात चांगलं दूध घालून बघताव. मग लागलं तर म्हनायचं, दुधातच काय तरी कमी व्हतं. आन् तरी बी न्हाई लागलं, तर समजायचं, भांड्यातच काय तरी हाय."

मी हसले. पार्टिशनच्या पलीकडे जाऊन सहकाऱ्यांना सांगितलं, बघा, पेशंट आता आपल्याला शिकवून राहिलेत. सगळे हसले.

माझं कंट्रोल त्या दिवशी बत्तीस सेकंद. तिचं एकाहत्तर. पुन्हा लावलं, तेवढंच. रिपोर्ट गेला. डॉक्टरांनी वाचलं आणि जो कुणी तेव्हा काढला असता तोच अर्थ काढला, की हिचं रक्त आधीच पातळ आहे, वरून इंजेक्शन दिलं तर रक्तस्राव होऊन दगावेल. इंजेक्शन थांबलं. रक्तगट एबी निगेटिव्ह, तो मला पाठ राहिला, कारण गरज पडलीच तर हा गट त्या गर्दीत आणायचा कुठून, यावर आमच्यात बोलणं झालं होतं. आणि व्हीडीआरएल पॉझिटिव्ह.

खिडकीशी दीर आला. त्या काळात रिपोर्ट बाईच्या हातात देतच नसत, सोबतच्या पुरुषाला देत. त्याने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, काय निघालंय? मी त्याला सांगितलं. मोठ्याने, बाकड्यावर माणसं बसलेली असताना, की गुप्तरोगाची टेस्ट पॉझिटिव्ह आहे. त्याने कागद चार घड्या करून खिशात घातला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंता एकटी आली. सुजलेला पाय ओढत, भिंतीला धरून. सासरचं कुणी सकाळपासून फिरकलं नव्हतं. डब्बा पण आला नव्हता. खिडकीशी उभी राहून ती एवढंच म्हणाली, "ताई, माझं रक्त वाईट न्हाई. तेवढं पुन्हा बघा."

खरं सांगते, मला राग आला होता. पुढ्यात साठ नळ्या होत्या. मी म्हटलं, उद्या बघते. ती मान हलवून परत गेली. दुसऱ्या दिवशी मी बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातली नर्स सॅम्पल घेऊन आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, ती सुजलेल्या पायाची बाई गेली, बसल्या बसल्या दम लागला आणि पाच मिनिटांत संपली. प्रेत न्यायला माहेरचे आले होते.

मी दोन दिवस जेवले नाही. मग जेवले. माणूस जेवतोच. पुढे लग्न झालं, नांदेडला आले, वजिराबादकडे एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या लॅबमध्ये लागले आणि तिथेच मुरले. शेवंता अधूनमधून आठवायची, मग तेही कमी झालं.

आता मधली पंधरा-सोळा वर्षं सोडते.

माझी धाकटी जाऊ विजया, आम्ही सगळे विजू म्हणतो. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, देगलूरजवळ शाळेत मास्तर. त्यांची एकुलती एक ऋतुजा बारावीला, मेडिकलच्या मागे लागलेली. तोवर लातूरचं काय झालं होतं हे सांगायला नको. गल्लोगल्ली क्लास, प्रत्येक घराच्या वरच्या मजल्यावर 'मुलींसाठी रूम'. आणि मुलींसोबत आया. नवरा गावाकडे, आई लातूरच्या एका खोलीत गॅसशेगडी मांडून पोरीला पोळ्या करून घालतेय, अशा बायकांच्या अख्ख्या गल्ल्या भरल्या होत्या. विजूही त्यांतलीच. पोरीला टेस्ट सिरीजला सोडायचं, डबा करायचा, आणायला जायचं. दोन वर्षं तिने स्वतःसाठी साडीसुद्धा घेतली नव्हती.

तिचा पाय सुजला. पंधरा दिवस तिने कुणाला सांगितलं नाही, क्रेप बँडेज बांधून जिने चढत राहिली. मला ऋतुजानेच फोनवर सांगितलं, रडत. मी दीरांना सांगून तिला नांदेडला आणवली. मांडी बघितली तर भोपळ्याएवढी, आणि गुडघ्यांवर जांभळट जाळी. आमच्या ओळखीच्या फिजिशियनकडे भरती केलं. चांगला माणूस, हुशार. ते म्हणाले, शिरेत गाठ असणार, इंजेक्शन लगेच सुरू करू, तेवढी एपीटीटी करून घ्या.

विजूने माझा हात धरला. म्हणाली, "ताई, पोरीची परीक्षा अठरा दिवसांवर हाय. मला तेवढे अठरा दिवस उभं करा. पुढचं पुढं बघू."

मी म्हटलं, अठरा कशाला, तुला पोरगी डॉक्टर झालेली बघायचीय. आणि लॅबमध्ये येऊन टेस्ट लावली. मॅडमच्या लॅबमध्येही आमची रीत जुनीच होती, कंट्रोल म्हणजे माझंच रक्त. त्या सकाळचं माझं तेहतीस सेकंद. विजूचं चौऱ्याहत्तर.

पुन्हा लावलं. चौऱ्याहत्तर. पाण्याचं तापमान बघितलं, औषधाची बाटली बदलली. चौऱ्याहत्तर. फिजिशियनला फोन केला. ते म्हणाले, मग इंजेक्शन देता येत नाही हो, रक्तस्राव झाला तर मी काय करू? आपण सॅम्पल हैदराबादला पाठवू, चार दिवसांत कळेल. तोवर पाय वर ठेवा.

चार दिवस. आणि सकाळपासून विजूला बोलताना मधेच थांबून श्वास घ्यावा लागत होता. ते मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, मला दिसतंय, म्हणूनच भीती वाटतेय.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला शेवंता आठवली नाही. इतकं सगळं तसंच्या तसं समोर असूनही नाही. डोकं बंद पडल्यासारखं झालं होतं. नळी हातात धरून मी तिरपी करत होते, आणि आतलं पाणी वाहतच होतं.

दुपारचे अडीच. लोडशेडिंग होतं. इन्व्हर्टरवर फक्त नळ्यांचा कोमट पाण्याचा बाथ आणि फ्रीज ठेवलेले, पंखा आणि दिवे बंद. मॅडम जेवायला घरी. काउंटरवरच्या सलमा आपा वाऱ्यासाठी खाली जिन्यात, जाळीच्या दाराशी बसलेल्या. आमची लॅब पहिल्या मजल्यावर, आणि वर यायला तो एकच जिना. लख्ख उजेड होता खिडकीतून, अंधारबिंधार काही नव्हता... हे मुद्दाम लिहितेय.

रक्त काढायच्या स्टुलावर कुणीतरी येऊन बसलं. मी वर पाहिलं नाही. डोक्यावर पदर घेतलेली बाई आहे एवढं डोळ्यांच्या कडेला कळलं. जेवणाच्या वेळेत आपांनी का सोडलं वर, असं मनात आलं, पण हात आपोआप चालू झाले. पट्टा बांधला, हात पुसला. हात गार होता. नाव विचारलं.

"तुमी लिवलंय की," ती म्हणाली.

मला वाटलं काउंटरला नोंद झालीय. रॅकमधून नावाचं लेबल लावलेली नळी उचलली, सोबत एक साधी नळी घेतली, आणि रक्त घेतलं. शीर चांगली होती, पहिल्याच टोचण्यात मिळाली. रक्त गडद आणि संथ. मी कापूस दाबला तेव्हा ती म्हणाली, "तुमचं काढलं का आज?"

मी म्हटलं, हो, सकाळीच.

"मग दोन्ही एका जागी करून बघा की."

मी नळ्या रॅकमध्ये ठेवायला वळले. वळून पाहिलं तर स्टूल रिकामं. टेबलावर कापूस, त्यावर रक्ताचा ठिपका. जिन्यावर पाऊल वाजलेलं नाही.

मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली हाक मारली, आपा, आत्ता गेली ती बाई कोण होती? आपा वर मान करून म्हणाल्या, "कौन बाई? मैं यहींच बैठी ना, जाली कू कडी डालको." जाळीला कडी होती. मला वरून दिसत होती.

आणि तेव्हा, त्या पायरीवर उभी असताना, मला तो हात आठवला. आत्ताच ज्या हातातून मी रक्त घेतलं तो. कोपराखाली तुळस. एका बाजूला पानं, एका बाजूला नुसता देठ. मी तो बघितला होता आणि बघून न बघितल्यासारखं केलं होतं. मी तिथेच पायरीवर बसले. आपा पाणी घेऊन वर आल्या. त्यांना मी काही सांगितलं नाही.

पण दह्याचं बोलणं डोक्यात घणघण वाजत होतं. चांगलं दूध घालून बघायचं. लागलं तर दुधातच काहीतरी कमी होतं. तरी नाही लागलं तर भांड्यातच काहीतरी आहे...

उठले. विजूचं निम्मं आणि माझं निम्मं, एका नळीत. तिच्या रक्तात गोठायला लागणारी एखादी गोष्ट कमी असती तर माझ्या रक्ताने ती भरून निघाली असती आणि नळी पस्तीसच्या आसपास थबकली असती. स्टॉपवॉच दाबलं. पस्तीस गेले. चाळीस गेले. पन्नास. माझं धडधाकट रक्तसुद्धा वाहतच होतं. सहासष्टला थबकलं. म्हणजे विजूत काही कमी नव्हतं. तिच्या रक्तात काहीतरी जास्तीचं होतं, आणि ते माझ्याही रक्ताला गोठू देत नव्हतं.

फिजिशियनला फोन केला. ऐकल्यावर त्यांचा आवाजच बदलला. म्हणाले, "मिक्सिंग केलंत? तुम्हाला कुणी सांगितलं करायला?"

"पेशंटने," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

त्यांना वाटलं मी धांदलीत काहीतरी बोलतेय. त्यांनीच मग समजावलं. असा एक दुर्मिळ आजार असतो, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. अंगातली रोगाशी लढणारी फौज आपल्याच अंगावर उलटते. त्यातली गंमत म्हणा की क्रूरपणा म्हणा, हे रक्त काचेच्या नळीत गोठत नाही आणि शिरांमध्ये मात्र भराभर गोठतं. रिपोर्ट बघून वाटतं रक्त पातळ आहे, आणि असतं नेमकं उलटं. त्यांनी विचारलं, हिची मुलं गेली आहेत का पोटात? मी म्हटलं, तीन. ऋतुजाच्या आधी दोन, नंतर एक. ते म्हणाले, मी निघालो, तिला सोनोग्राफीला न्या.

मांडीच्या शिरेत गाठ सापडली, वर सरकत चाललेली. पाच वाजायच्या आत इंजेक्शन सुरू झालं. दोन दिवस आम्ही सगळे देवाला... म्हणजे बाकीचे देवाला, मी सलाईनच्या थेंबांना बघत बसलो. चौथ्या दिवशी विजू उठून बसली आणि म्हणाली, ऋतुजाच्या डब्याचं कोण बघतंय? हैदराबादचा रिपोर्ट त्याच दिवशी आला, फिजिशियन म्हणाले तेच नाव घेऊन. चार दिवस थांबलो असतो तर गाठ फुप्फुसात गेली असती, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. विजू आज आहे. रोज गोळी घेते, महिन्याला रक्त तपासते, आणि ते मीच काढते. ऋतुजाला पुन्हा परीक्षा देऊन दुसऱ्या वर्षी मेडिकलला ॲडमिशन मिळाली.

इथे संपवलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ताणात होतात, पूर्वीचं बोलणं आतून वर आलं, भास झाला. मीही तेच म्हटलं असतं, ॲसिडिटीसकट. पण नळ्या होत्या ना. दोन नळ्या, रॅकमध्ये, रक्ताने भरलेल्या.

त्या संध्याकाळी विजूचं इंजेक्शन सुरू झाल्यावर मी लॅबमध्ये परत आले आणि लेबल वाचलं. अक्षर माझंच. 'शेवंता, २८, स्त्री.' मी ते लिहिल्याचं मला आठवत नाही, आणि त्या दिवशीच्या नोंदवहीत या नावाचं कुणी नाही. रक्तगट तपासला. माझा बी पॉझिटिव्ह, विजूचा ओ पॉझिटिव्ह. नळीतला एबी निगेटिव्ह. तिचं रक्त माझ्या रक्तात मिसळून लावलं, ते पण थबकेना. मग व्हीडीआरएल लावली. पॉझिटिव्ह.

आणि मग मी ती टेस्ट केली जी पूर्वी लातूरला आमच्याकडे नव्हती. टीपीएचए. व्हीडीआरएल खरी की खोटी हे पक्कं सांगणारी. निगेटिव्ह आली. ज्या आजारात नळीतलं रक्त फसवतं, तोच आजार व्हीडीआरएललाही फसवतो. मी डीएमएलटीच्या परीक्षेत हे एका ओळीत लिहिलं होतं, पूर्ण मार्क मिळाले होते. खिडकीशी उभी असताना ती ओळ मला आठवली नव्हती. शेवंताला विजूचाच आजार होता, गुप्तरोग नव्हता. कधीच नव्हता. त्या रिकाम्या लॅबमध्ये मी तोंडावर ॲप्रन दाबून रडले.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, नोंद न करता वर आलेली कुणी पेशंट असेल, शेवंता नावाच्या बायका काय कमी आहेत? कडी, तुळस आणि रक्तगट यावर त्यांनी नळीवरचं लेबल पुन्हा वाचून बघितलं. मग म्हणाल्या, रिपोर्ट टाइप कर, मी सही करते. कुणीतरी वाट बघत असेल.

महिन्याभराने सुट्टी काढून मी तिच्या गावाला गेले. म्हणजे नव्या गावाला. भूकंपानंतर वसवलेलं, सरळ रस्ते, एकसारखी घरं. नवऱ्याचा शोध लागायला वेळ लागला नाही. तिचा दीर मधल्या काळात वारला होता. नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं, मुलं शाळेत. पन्नाशीच्या आतबाहेरचा शांत माणूस, ओसरीवर सोयाबीन निवडत बसलेला. मी कोण ते सांगितलं. लातूरच्या खिडकीत मी काय बोलले होते तेही सांगितलं. मग कागद पुढे केला आणि म्हटलं, तुमच्या बायकोत काही वाईट नव्हतं, चूक आमची होती.

त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "मरायच्या आदल्या दिशी तिनं निरोप धाडला व्हता. लॅबातल्या ताई पुन्हा बघनार हायत, तवर थांबा म्हनून. म्या थांबलो न्हाई. गेलोच न्हाई दवाखान्यात."

 त्यांचं बोट कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर थांबलं. "तारीख तर आत्ताची हाय, बाई. गेल्या म्हैन्यातली."

मी म्हटलं, हो.

"मंजी आली व्हती." विचारलं नाही त्यांनी, म्हटलं. "कशी दिसली?"

"चेहरा नाही बघितला. हात बघितला फक्त."

"तुळस?"

"अर्धी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून सोयाबीनमध्ये ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आतून त्यांची बायको चहा घेऊन आली, आमच्याकडे पाहून दारातच थांबली, आणि कप तिथेच ठेवून परत गेली. कागद त्यांनी ठेवून घेतला.

 ती नळी कुठून आली, कडी लावलेल्या जाळीतून वर कोण आलं, मेलेल्या बाईचं रक्त इतक्या वर्षांनी ताजं कसं असतं... मी नोकरीतली बरीच वर्षं फक्त मोजता येतील अशाच गोष्टी मानल्या, आणि हे मोजून झालं तरी कळलं नाही. विजूला अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचेल, तेव्हा कळेल. भूत मानायला मी आजही तयार नाही.

पण रिपोर्ट घेतल्यावर कुणी खिडकीशी घुटमळलं आणि म्हणालं, ताई, तेवढं पुन्हा बघा... तर मी उद्या म्हणत नाही. पुढ्यात साठ नळ्या असल्या तरी. त्यांना बाकड्यावर बसवते आणि लगेच बघते.